कच्ची ग्रहचित्रं रंगीत कशी करायची आणि सोलापूरच्या गच्चीवरून गुरू-शनी कसे टिपायचे

सातरस्ता (धागाकर्ता)

यानांनी काढलेली ग्रहांची चित्रं आपल्यापर्यंत येतात ती बातमीतून, म्हणजे कोणीतरी आधीच रंगवून, कापून, चकचकीत करून दिलेली. त्यामागची कच्ची चित्रं मात्र कोणालाही फुकट उतरवता येतात. ती स्वतः जोडली की ग्रह जास्त कळतो, आणि पुढच्या वेळी कोणाचं चित्र खरं आणि कोणाचं नुसतं भडक, हेही लगेच ओळखू येतं. या धाग्यात दोन्ही बाजू लिहू: यानांची चित्रं हाताळणं आणि आपल्याच गच्चीवरून ग्रह टिपणं. आकडे आणि पायऱ्या नेमक्या द्याव्यात ही विनंती.

नवीन माणसाने कॅसिनीपासून (शनीभोवती फिरलेलं यान) सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. २००४ ते १५ सप्टेंबर २०१७ या काळातला शनीचा सगळा खजिना तिथे आहे आणि पूर्ण चौकट साधी चौकोनी, १०२४ × १०२४ पिक्सेलची. कॅमेरा कृष्णधवल, समोर फिरते फिल्टर. त्यामुळे रंगीत चित्रासाठी एकाच दृश्याच्या तीन चौकटी लागतात: लाल (आरईडी), हिरवा (जीआरएन), निळा (बीएल१). तिन्ही एकामागोमाग, मिनिटा-दोन मिनिटांच्या आत घेतलेल्या निवडा. फाईलचं नाव एन ने सुरू होत असेल तर ती अरुंद कोनाच्या कॅमेऱ्याची, डब्ल्यू असेल तर रुंद कोनाच्या. दोन्हींची सरमिसळ करू नका.

गिम्प या फुकट चित्रसंपादन प्रोग्राममध्ये तिन्ही चौकटी थर म्हणून उघडा. कलर्स मेनूमधल्या कंपोनंट्समध्ये जाऊन कंपोज निवडा, आरजीबी घ्या आणि कोणता थर कोणत्या रंगाचा ते सांगा. इतक्यात शनी रंगीत दिसतो.

एक धोका आधीच सांगतो. झटपट बघण्यासाठी ठेवलेल्या जेपीजी चौकटींचा उजळपणा आपोआप ताणलेला असतो, आणि तोही प्रत्येक चौकटीचा वेगळा. त्यामुळे त्यांतून आलेला रंग अंदाजाचा. रंगाबद्दल काही ठाम म्हणायचं असेल तर नासाच्या ग्रहविज्ञान संग्रहातल्या ओपस या शोधयंत्रातून अंशांकित (उजळपणाची मोजणी दुरुस्त केलेली) फाईल घ्या.

बाळे_वेस

धागा वाचनखुणेत टाकला. शंका अशी की शनी नीट जुळतो, पण शेजारच्या उपग्रहाचे लाल, हिरवा, निळा असे तीन ठिपके दिसतात. थर सरकवला की उपग्रह जुळतो आणि शनी बिघडतो.

सातरस्ता

@बाळे_वेस, बिघाड नाही तो. तीन फिल्टर बदलेपर्यंत उपग्रह पुढे सरकतो आणि यानही सरकतं. आधी शनीवर जुळवून एक चित्र करा, मग उपग्रहावर जुळवून दुसरं. दुसऱ्यातला उपग्रहाचा छोटा तुकडा कापून पहिल्यात हिरव्या चौकटीतल्या जागी बसवा. हिरवी चौकट सहसा मधली असते म्हणून ती प्रमाण धरायची. चित्राखाली तसं लिहा मात्र. उपग्रहाची सावली शनीवर पडली असेल तर तिलाही हाच उपाय.

मृगशीर्ष

जुनोकॅमबद्दल (जुनो यानावरचा कॅमेरा) सविस्तर लिहिते, कारण बहुतेक जण तिथेच अडकतात.

जुनो यान जुलै २०१६ मध्ये गुरूच्या कक्षेत गेलं. ते स्वतःभोवती मिनिटाला साधारण दोन फेऱ्या घेतं, म्हणजे सेकंदाला १२ अंश. अशा फिरत्या यानावरून साधा फोटो पुसट येईल. म्हणून कॅमेरा फिरता फिरता पट्ट्या घेत जातो. सेन्सरवरच निळा, हिरवा, लाल आणि ८८९ नॅनोमीटरचा मिथेन असे चार फिल्टर पट्ट्यांसारखे बसवले आहेत. कच्ची पीएनजी उघडली की १६४८ पिक्सेल रुंद, प्रचंड उंच आणि चिरफाळलेलं काहीतरी दिसतं. घाबरू नका. वरून खाली १२८ ओळींचे तुकडे पाडा: पहिला निळा, दुसरा हिरवा, तिसरा लाल, पुन्हा निळा. रंगीत चित्राची उंची ३८४ ने भागली जायलाच हवी. जात नसेल तर फाईल अर्धवट उतरली आहे किंवा ते मिथेनचं चित्र आहे.

आता पट्ट्या किती सरकवून जोडायच्या? दोन पट्ट्यांमधला वेळ सोबतच्या जेसन फाईलमध्ये असतो, साधारण ०.३७ सेकंद. तेवढ्यात यान ४.४४ अंश फिरतं. एक पिक्सेल म्हणजे सुमारे ०.०३८६ अंश. भागाकार केला तर ११५ पिक्सेल. म्हणजे १२८ पैकी १३ ओळी पुढच्या पट्टीवर चढतात. सगळ्या निळ्या पट्ट्या ११५-११५ वर लावून एक उभं चित्र करा, तसंच हिरव्याचं आणि लालचं. मग तिन्ही चित्रं वरखाली सरकवून डोळ्याने जुळवा. ती आपोआप जुळणार नाहीत, कारण एकाच क्षणी तीन फिल्टर तीन वेगळ्या जागा बघत असतात.

या हाती पद्धतीत मधला भाग छान येतो आणि कडेला रंगांची झालर उरते. भिंगाची वक्रता आणि यानाची स्वतःची धाव, दोन्ही आपण सोडून दिलेली असतात. जुनो गुरूच्या अगदी जवळून जातं तेव्हा ही चूक खूपच वाढते. झालर घालवायची तर यूएसजीएस या अमेरिकी भूशास्त्र संस्थेचं आयसिस पॅकेज घ्या: आधी जुनोकॅमची फाईल आयात, मग स्पाइसइनिटने यानाची जागा आणि दिशा जोडणं, मग नकाशावर प्रक्षेपण. आयसिस लिनक्सवर सरळ चालतं. स्पाइसची (यानाच्या जागा-दिशेच्या नोंदी) सगळी माहिती उतरवायला जागा फार लागते, म्हणून स्पाइसइनिटमध्ये वेब सेवेचा पर्याय निवडा.

आणखी एक महत्त्वाचं. जुनोकॅमची मूळ मोजणी १२ बिटची, ती ८ बिटमध्ये बसवताना वर्गमूळासारखी दाबलेली असते. रंग जोडण्याआधी ती सरळ केली नाही तर सावलीच्या सीमेजवळचा भाग नको तितका उजळ दिसतो. ढोबळ कामाला प्रत्येक मूल्याचा वर्ग चालतो. सरळ केल्यावर गुरू फिकट, मळकट पिवळसर येतो. खरा तो तसाच दिसतो. निळे-केशरी भोवरे दिसतात ते रंगांतला फरक ताणल्यामुळे. ताणण्यात गैर काही नाही, ढगांची रचना त्यामुळेच उलगडते, पण चित्राखाली 'रंग ताणलेले आहेत' हे लिहायलाच हवं.

पार्क_चौक

मृगशीर्ष ताई, तुमच्या ११५ ला पूर्ण दुजोरा. भर एवढीच की २०२३ च्या उत्तरार्धातली जुनोकॅमची चित्रं घेताना जपून. किरणोत्साराने कॅमेरा बिघडत गेला होता आणि ५६ व्या फेरीतल्या बऱ्याच चित्रांत आडव्या रेघा आणि कणकण आहेत. मग कॅमेरा मुद्दाम तापवून सेन्सर सुधारला आणि ३० डिसेंबर २०२३ ला गुरूच्या आयो या उपग्रहाच्या सुमारे १५०० किमीवरून जाताना घेतलेली चित्रं पुन्हा चांगली आली. सरावाला त्या काळातली नकोतच. सुरुवातीच्या फेऱ्या घ्या किंवा ७ जून २०२१ ची गॅनिमीड या उपग्रहाची. गॅनिमीडवर खड्ड्यांच्या कडा ठसठशीत असल्याने पट्ट्या जुळल्या की नाही ते पटकन कळतं. गुरूच्या ढगांत ते कळत नाही.

जुळे_सोलापूर_गच्ची

मंगळाचं मी थोडक्यात उरकतो, कारण तिथे सगळं सोपं आहे. क्युरिऑसिटी गाडीच्या मास्टकॅम या कॅमेऱ्याचे डोळे दोन, डावा ३४ मिमी आणि उजवा १०० मिमी. हगिन या चित्रं जोडायच्या प्रोग्राममध्ये जोडताना डाव्याला आडवा कोन २० अंश आणि उजव्याला ६.८ अंश द्या, म्हणजे नियंत्रणबिंदू पटापट सापडतात. पर्सिव्हरन्स गाडीचा नॅव्हकॅम ५१२० × ३८४० चा, पण चित्र अनेकदा १२८० × ९६० च्या सोळा तुकड्यांत येतं. तुकडे सुटे बघितले की वाटतं कॅमेरा फालतू आहे. सोळाही गोळा करून मांडा, मग बघा. एका सोलमधलीच (मंगळावरच्या एका दिवसातलीच) चित्रं जोडा. मंगळावरचा दिवस २४ तास ३९ मिनिटांचा असला तरी सकाळ-दुपारच्या सावल्या तिथेही वेगळ्याच पडतात आणि जोड उघडा पडतो.

आकाशाचा रंग 'सुधारायला' जाऊ नका. मंगळाचं दिवसाचं आकाश धुळीमुळे पिवळट-तपकिरीच असतं आणि निळसर झाक येते ती मावळत्या सूर्याच्या आसपास.

होटगी_रोड

आपल्या चांद्रयान-२ चं कोणी लिहिलंच नाही ओ!

सातरस्ता

@होटगी_रोड, बरोबर आहे, लिहितो. इस्रोच्या आयएसएसडीसी या माहितीसंग्रह केंद्राचं प्रदान हे संकेतस्थळ आहे. ईमेल देऊन नोंदणी करायची, पैसे लागत नाहीत. ओएचआरसी हा बारीक तपशील टिपणारा कॅमेरा निवडा. १०० किमी उंचीवरून एका पिक्सेलला पाव मीटर, पट्टा ३ किमी रुंद, म्हणजे एका ओळीत १२,००० पिक्सेल. झिप उघडली की ब्राउज फोल्डरमध्ये छोटं चित्र असतं. ते आधी बघा आणि हवा तो भाग ठरवा. मूळ फाईल जीबीच्या घरात जाते. ती थेट गिम्पमध्ये टाकली तर साधा लॅपटॉप गुदमरतो. त्यापेक्षा डेटा फोल्डरमधलं एक्सएमएल लेबल क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्राममध्ये ओढून सोडा. मूळ फाईल आणि लेबल एकाच फोल्डरमध्ये असलं पाहिजे, नावं बदलायची नाहीत. उघडलं की हवा तेवढाच तुकडा टिफ म्हणून बाहेर काढा.

खड्डे टेकड्यांसारखे दिसायला लागले तर चित्र १८० अंशांत फिरवा. उजेड खालून आला की आपला डोळा फसतो. उजेड वरून किंवा वर-डावीकडून येईल असं चित्र धरलं की खड्डा खड्डाच दिसतो.

मृगशीर्ष

आता गच्चीकडे वळू का? सोलापूरकरांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: ग्रहांसाठी नान्नजला किंवा आणखी लांब अंधारात जायची अजिबात गरज नाही. गुरू, शनी, मंगळ इतके तेजस्वी की शहरातल्या दिव्यांनी त्यांचं काही बिघडत नाही. बिघडतं ते हवेच्या थरथरीने. आपला अक्षांश १७.७ उत्तर. ग्रह आकाशात विषुववृत्ताच्या फार तर २५-२६ अंश वर-खाली असतात. म्हणजे सोलापुरातून यांपैकी कुठलाही ग्रह रात्री सर्वांत वर असताना क्षितिजापासून निदान ४५ अंश वर असतोच. लंडनच्या हौशी माणसाला दक्षिणेकडचा ग्रह १५ अंशांवर बघावा लागतो. जानेवारी २०२६ च्या प्रतियुतीला (ग्रह सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला असताना) गुरू आपल्याकडे ८५ अंशांवर होता, जवळजवळ थेट डोक्यावर. इतक्या उंचीवर हवेमुळे होणारी लाल-निळी फाकणी नगण्य, त्यामुळे ती दुरुस्त करणारा प्रिझम विकत घ्यायला पळू नका. शुक्र आणि बुधासाठी लागेल, बाकी क्वचितच.

पार्क_चौक

उपकरणांचं मी लिहितो. २०० मिमी एफ/६ डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) धरून चालतो, कारण पैशाला तोच सर्वांत जास्त देतो. फोकल लेंथ १२०० मिमी.

रंगीत ग्रह-कॅमेऱ्यासाठी ठोकताळा असा: पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याला पाचने गुणा, तेवढा एफ-आकडा (फोकल लेंथ भागिले आरशाचा व्यास) हवा. एएसआय ४६२ एमसीचा पिक्सेल २.९ मायक्रॉन, म्हणजे एफ/१४.५. एफ/६ ला २.५ पट बार्लो (फोकल लेंथ वाढवणारं भिंग) लावला की एफ/१५. झालं काम. ५ पट बार्लो लावून गुरू मोठा करायचा मोह टाळा. तो मोठा, अंधुक आणि रिकामा येतो. एफ/१५ ला एका पिक्सेलमध्ये ०.२ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) बसतात, प्रतियुतीचा ४६ विकलांचा गुरू २३० पिक्सेलचा येतो. २०० मिमीची विभेदनक्षमता (वेगळा ओळखू येणारा सर्वांत बारीक तपशील) ०.५८ विकला, त्यामुळे याहून मोठं करून नवीन काही मिळत नाही. या कॅमेऱ्याला अवरक्त अडवणारा फिल्टर मात्र लावाच, नाहीतर रंग धुऊन जातात.

डॉबला मोटर नाही तर ग्रह पळतो. तो पळू द्या. सेकंदाला १५ विकला या वेगाने १९३६ पिक्सेलची पूर्ण रुंदी ओलांडायला त्याला साधारण २६ सेकंद लागतात. कॅमेरा असा फिरवा की ग्रह लांब बाजूने सरकेल. मग उंची कापून १९३६ × ४०० ठेवा. ८ बिट, सेकंदाला १०० चौकटी धरल्या तर ७७ एमबी प्रति सेकंद, दोन मिनिटांत ९ जीबीच्या वर. यूएसबी ३ आणि एसएसडी लागतेच. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर चौकटी गळतात आणि गळालेल्या शार्पकॅप या चित्रण प्रोग्रामच्या खालच्या पट्टीत मोजून दिसतात, तिथे लक्ष ठेवा.

उघडझाप ८ ते १० मिलिसेकंद, आणि गेन असा की हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ६०-७० टक्क्यांपर्यंत जाईल. एसईआर फाईलमध्ये साठवा. नंतर पिप या प्रोग्राममध्ये 'ग्रह' हा पर्याय घेऊन प्रत्येक चौकटीत ग्रह मध्यावर आणा. कडेला अर्धा कापलेला ग्रह टाकून देण्याचा पर्याय चालू ठेवा. मग चांगल्या चौकटी निवडून एकत्र करायला ऑटोस्टॅकर्ट.

डोक्यावरच्या ग्रहाला डॉब फिरवणं अवघड जातं, थोडं सरकवायला गेलं की बूड गरकन फिरतं. म्हणून ग्रह माथ्यावर यायच्या तासभर आधी किंवा नंतर टिपा. तेव्हाही उंची ७५ अंश असते.

होटगी_रोड

आपल्याकडे लॅपटॉप नाही, कॅमेरा नाही. मोबाईल आयपीसला लावून करायलोय. जमतंय का काही?

पार्क_चौक

@होटगी_रोड, जमतंय की. तीन बाजूंनी सरकणारा धारक घ्या, हाताने धरू नका. १० मिमीच्या आसपासचा आयपीस. ग्रहावर बोट दाबून फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद करा, मग उजेड खाली ओढा. पडद्यावर गुरू पांढरा गोळा दिसतो तोवर उजेड जास्तच आहे. पट्टे दिसायला लागले की थांबा. ४के, सेकंदाला ६० चौकटी, दीड मिनिट. झूम दोन पटीच्या वर नको. एमपी४ पिपमध्ये चालते, त्या कामापुरता कोणाचा तरी संगणक घ्या. मोबाईल व्हिडिओ दाबतो, त्यामुळे बारीक तपशील जातात, पण दोन मुख्य पट्टे आणि लाल डाग येतात.

जुळे_सोलापूर_गच्ची

सगळ्यांनी कॅमेऱ्याचं लिहिलं, खरा शत्रू पायाखाली आहे! दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. मार्च ते मे तर रात्री एकच्या आत गुरू पाण्याखालच्या नाण्यासारखा हलतो. उपाय हेच: दुर्बीण अंगणात मातीवर लावता आली तर गच्चीचा हट्ट सोडा. गच्चीवरच लावायची तर चुना किंवा पांढरा रंग मारलेल्या भागात, कठड्यापासून लांब, खाली ओलं गोणपाट अंथरून. शेजाऱ्याच्या एसीचं बाहेरचं यंत्र, पाण्याची काळी टाकी, पत्र्याचं शेड, यांच्यावरून बघायचं टाळा.

आरसाही गरम असतो. २०० मिमीचा आरसा निवायला पाऊण ते एक तास. आरशामागे ८० मिमीचा १२ व्होल्टचा संगणकी पंखा लावला की वेळ बराच कमी होतो. तो दोऱ्यावर किंवा रबरावर टांगा, स्क्रूने घट्ट कराल तर थरथर आरशात जाते. ७ एएचची बॅटरी रात्रभर पुरते.

आरसा निवला की नाही ते कसं ओळखायचं? एखादा ठळक तारा फोकसबाहेर न्या. चकतीच्या आत धुरासारखं हळू वळवळणारं दिसलं तर ती नळीतली गरम हवा. चकतीवरून सगळं एकाच दिशेने भराभर वाहताना दिसलं तर ते वरचं वारं, त्यावर इलाज नाही, दुसऱ्या रात्री बघा. त्याच चकतीतली काळी सावली मध्यावर नसेल तर आधी आरसे जुळवा. बार्लो, कॅमेरा, सगळं त्यानंतर.

ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर धूळ बसलेली असते, ते दिवस सर्वांत चांगले. पुढे गाळप हंगामात धुराचा थर खाली साचतो, तरी हवा स्थिर असेल तर ग्रहांचं काम होतं. गड्डा यात्रेतल्या दारूकामाच्या रात्री मात्र होम मैदानाच्या बाजूला दुर्बीण वळवू नका. आणि एप्रिल-मेच्या धुळीनंतर आरसा कापडाने पुसायचा नाही. थोडी धूळ राहिली तरी चित्रात दिसत नाही, ओरखडे कायमचे राहतात.

बाळे_वेस

व्हिडिओ दोनच मिनिटांचा का? जास्त चौकटी मिळाल्या तर चांगलंच की.

मृगशीर्ष

गुरू ९ तास ५५ मिनिटांत फिरतो. ४६ विकलांच्या चकतीच्या मध्यावरची खूण मिनिटाला ०.२४ विकला सरकते. २०० मिमीची विभेदनक्षमता ०.५८, म्हणजे अडीच मिनिटांत तपशील पुसायला लागतो. जास्त हवं असेल तर दोन-दोन मिनिटांचे पाच-सहा व्हिडिओ घ्या, प्रत्येकाची वेळ सेकंदापर्यंत नोंदवा आणि विनज्युपोस या प्रोग्राममध्ये ग्रहाचं फिरणं उलटं फिरवून एकत्र करा. संगणकाचं घड्याळ आधी इंटरनेटशी जुळवा. विनज्युपोसला जागतिक वेळ लागते, आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा.

लाल डाग कधी दिसेल याचा सोपा हिशेब: पाच फेऱ्यांना ४९ तास ३८ मिनिटं लागतात. आज रात्री ९ वाजता डाग मध्यावर असेल तर परवा १० वाजून ३८ मिनिटांनी पुन्हा मध्यावर.

सातरस्ता

ऑटोस्टॅकर्टमध्ये गुणवत्तेचा आलेख बघूनच टक्केवारी ठरवा. रेघ पहिल्या पाव भागातच कोसळत असेल तर १० टक्के घ्या, सपाट असेल तर ४०-५०. गुरूवर जुळवणीचे पंधरा-वीस बिंदू पुरतात. शेकडो छोटे बिंदू टाकले तर प्रोग्राम हवेच्या थरथरीलाच तपशील समजून बसतो आणि चित्रावर ठिगळं दिसतात. मग रजिस्टॅक्स या प्रोग्राममध्ये धार वाढवणाऱ्या पहिल्या दोन सरकपट्ट्या हळूच ओढा. कडेला कांद्यासारखी वर्तुळं आली की तुम्ही पुढे गेलात, मागे या. मंगळाच्या उजळ कडेच्या आत दिसणारी बारीक काळी रेघसुद्धा प्रकाशाच्या विवर्तनाने आणि जादा धार काढण्याने येते. तिला मंगळाचं वातावरण समजू नका.

स्वतःचं चित्र जुनोच्या चित्राशेजारी ठेवताना ते त्याच आठवड्यातलं घ्या. गुरूचे पट्टे काही महिन्यांत रुंदी आणि रंग बदलतात.

बाळे_वेस

फेब्रुवारी २०२७ मध्ये गुरू आणि मंगळ दोघेही प्रतियुतीला आहेत ना? तयारी कशी करायची?

पार्क_चौक

हो. गुरू १० तारखेच्या रात्रीच्या सुमारास, मंगळ १९ ला. दोघेही आपल्या माथ्याजवळून जातील. मंगळ या वेळी सूर्यापासून लांब असताना प्रतियुतीत येतोय, म्हणून चकती जेमतेम १४ विकला, एफ/१५ ला ७० पिक्सेल. त्याला एफ/२० पर्यंत ताणलं तरी चालेल, कारण पृष्ठभाग खूप उजळ आहे. तो हळू फिरतो, पाच-सहा मिनिटांचा व्हिडिओ सहज घ्या. उत्तर ध्रुव आपल्याकडे कललेला असेल. तिथली आक्रसत चाललेली बर्फाची टोपी आणि थार्सिसच्या ज्वालामुखींवरचे निळसर ढग, एवढं नक्की शोधा. ढगांसाठी निळा चॅनल वेगळा काढून बघा. मंगळाचा तोच भाग रोज सदतीस-अडतीस मिनिटं उशिरा समोर येतो, त्यामुळे सगळी बाजू बघायची तर रोज त्याच वेळेला सलग महिनाभर टिपावं लागतं. डिसेंबरमध्येच आरसे जुळवून, पंखा लावून गुरूवर हात बसवून घ्या. १९ फेब्रुवारीला नवीन केबल पहिल्यांदा लावायची वेळ येऊ देऊ नका.